त्रिकोणी तारे

मुलांनो, कल्पना करा की तुमची शाळा चंद्रावर आहे आणि तिथे प्रत्येक वस्तू सहापट हलकी आहे. अशाच एका शाळेत अनघाबाईंनी चौथ्यांदा दुर्बीण दुरुस्तीला आत आणली होती. बाई पार दमल्या होत्या. फोटोत प्रत्येक तारा त्रिकोणी येत होता, आणि आज स्वच्छ फोटो निघाला नाही तर शाळेची एकुलती एक दुर्बीण मोडीत जाणार होती.

"तारे लांबट आले असते, तर दुर्बीण हलली म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "त्रिकोण म्हणजे दुर्बिणीतला आरसा तीन ठिकाणी दाबला जातोय. मैथिली, आरशाला धरून ठेवणारे चिमटे तू आवळलेस ना गं?"

महिन्यापूर्वीच पृथ्वीवरून आलेली मैथिली रडवेली झाली. "आरसा पडला असता ना, बाई!"

"अगं, नवीन आलेलं माणूस पृथ्वीच्या सवयीने इथे सगळंच करकचून आवळतं. मी तर बाटल्यांची झाकणं तोडली होती. इथे आरशाचं वजन ते किती! चिमटा नुसता टेकला तरी पुरे. घे पाना."

मैथिलीने एका हाताने आरशाला खालून आधार दिला आणि तिन्ही चिमटे सैल केले. मग डोळे मिटून तिने हळूहळू तो हात काढून घेतला. आरसा जागचा हललासुद्धा नाही, आणि त्या दिवशीच्या फोटोत प्रत्येक तारा गोल ठिपक्यासारखा आला.