दोन लवंगांचा उपास

रोज दोन लवंगांवर नवरात्र काढायचं आणि बदल्यात देवीकडून एक सून घ्यायची, असा कुरुंद्याच्या कौसाबाईचा सौदा होता; पस्तिशीच्या लेकाला कुणी पोरगी देईना. शुगरची गोळी मात्र तिनं उपाशीपोटीही चुकवली नाही.

तिसऱ्या माळेच्या आरतीत ती घामाघूम होऊन थरथरायला लागली. बायका ओरडल्या, “अंगात आलं!” लेकानं पाय धरले, “माय, माझं लगन कवा जमंल?”

शुगर उतरली की लगेच साखर खायची, हे डॉक्टरांचं सांगणं कौसाबाईला आठवलं. “साखर...” ती कशीबशी म्हणाली.

“कौल मिळाला रे पोरा! वाटा साखर!” बायकांनी गलका केला.



साऱ्या गल्लीचं तोंड गोड झालं; कोसळलेल्या कौसाबाईच्या तोंडात मात्र कुणी चिमूटभरही घातली नाही, तिचा उपास मोडला असता.