सोसायटीच्या हॉलमधला मेळावा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीकडे कसं बघावं, यावर आमच्या आरोग्य केंद्रानं मेळावा ठेवला. भाषण माझंच होतं. दुष्काळानं दूध आटलेलं, त्यामुळं दूध सोसायटीचा हॉल फुकटात मिळाला. बीडहून बॅनर छापून आणला. त्यावर माझा फोटो जरा मोठाच आला होता, पण मी काही हरकत घेतली नाही.

बारा वाजले तरी हॉलमध्ये मी, माईक आणि बॅनर. शेवटी बायकोला फोन लावला. "शिवकन्या, लवकर ये. निदान एक खुर्ची तरी भरू दे."

"मी आले तर आबांजवळ कोन बसंल?" ती म्हणाली. माझ्या वडिलांना लकवा झाल्यापासून त्यांचं सगळं तीच करते. "आधी तुमी घरी या, मग मी जाते."

बाकीच्या खुर्च्या का रिकाम्या राहिल्या, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

मी घरी आलो, ती हॉलवर गेली. आबांची कूस बदलताना माझी कंबर धरली. त्यांना पेज भरवली, त्यातली निम्मी माझ्याच सदऱ्यावर सांडली. भाषणातला एकही मुद्दा कामाला आला नाही.

संध्याकाळी ती परतली, ती चांगली टवटवीत होऊन. मी विचारलं, "काय केलं तिथं?"

 

"दार लावलं अन् पंख्याखाली दुपारभर झोपले. लई चांगला झाला तुमचा कार्यक्रम, पुढल्या महिन्यातबी ठेवा."