रविवारची सजावट

सोमवारी शाळेची तपासणी होती, म्हणून मुरगूडजवळच्या एका शाळेत शैलजाबाईंनी चौथीच्या पोरांना रविवारीच वर्ग सजवायला बोलावलं होतं. पताका बांधायला त्या बाकावर चढल्या आणि तेवढ्यात त्यांचा नवरा अमरसिंह दारू ढोसून वर्गात शिरला.

"सुट्टीचं कुणासाठी नटवतीयास गं वर्ग?" म्हणत त्यानं बाईंना केस धरून खाली ओढलं आणि पोरांसमोर लाथा घातल्या. बाईंना मारापेक्षा पोरांच्या नजरेची लाज वाटली.

"आमच्या बाईंस्नी मारतोय त्यो!" सोनम किंचाळली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. मग अख्खा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. पाट्या, लाकडी पट्ट्या, डिंकाची बाटली, हाताला लागेल त्यानं पोरांनी त्याला रक्तबंबाळ केलं.

"बास करा रं, मरंल की त्यो!" म्हणत शेवटी बाईंनीच पोरांना मागं ओढलं.

दवाखान्यात टाके घालता घालता डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मारलं?"

अमरसिंह मान खाली घालून म्हणाला, "कुणी न्हाय. पायरीवरनं पडलो."



बारा वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य बाईंना म्हणावं लागलं नाही.