मेलेल्यांनी तंबूत या

दर ऑगस्टला आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका माळावर दोन आठवडे जुन्या काळातल्या युरोपातले सरदार होऊन राहतो. दिवसा वेताच्या तलवारींनी लढाई, संध्याकाळी नाच. नाचाचा तंबू माझ्या आईकडे असतो. यंदा पाचच्या आत नाचासाठी लाकडी फळ्या अंथरल्या नाहीत तर तंबू कमरेचे पट्टे विकणाऱ्यांना जाणार होता, आणि मदतनीसांच्या यादीत एकच नाव होतं, तेही आईचंच. बाकी सगळ्यांना लढायचं होतं म्हणे!

आमच्यात घाव बसला की आपण मेलो की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणून डोक्यात दणका बसून टोप वाकला तरी "छे, नुसतं घासून गेलं" म्हणणारे बेशरम ढीगभर. त्या उन्हात, अंगावर वीस किलो लोखंड घालून!

आई भडकली. मैदानाच्या दोरीपाशी जाऊन ओरडली, "जे मेले त्यांनी तंबूत या! सावली आहे, काकडीचं गार लोणचं आहे. आणि फळी लावेल त्याला पहिला नाच!"

एक धिप्पाड सरदार लढता लढता थांबला. "बाईसाहेब, मरायला घाव केवढा लागतो?"

"तुझा तू ठरव की रे! मेलास का?"

"मेलो," म्हणाला, आणि ढाल टाकून निघालाच.


दहा मिनिटांनी मैदानात आमचा राजा ड्वेन एकटाच उभा होता आणि ओरडत होता, "अरे, निदान शत्रूचा तरी एखादा जिवंत राहा रे!"