कठड्यावरचा हात

थकवा किती? एक ते दहा. बावीस खेळाडूंनी बावीस वेळा ‘दोन’ लिहिलं होतं.

“बघा मॅडम, पोरं ठणठणीत आहेत.” कोचनी तक्ता फिजिओसमोर धरला. “हंगामाला तीन आठवडे उरलेत. संध्याकाळी दुसरा सराव, उद्या मैत्रीचा सामना. आत्ता घाम गाळला नाही तर पुढे रडायची वेळ येईल.”

“पहिली ओळ कॅप्टनची आहे, सर. त्याने दोन लिहिल्यावर खाली तीन लिहायची कोणाची छाती आहे? त्यात परवा संघ जाहीर होणार.”

“मग काय, मनातलं ओळखू?”

“नको. पाच मिनिटं जिन्याखाली उभे राहा.”

जिम वरच्या मजल्यावर होती. जेवायची वेळ झाली तसे एकेक जण उतरू लागले. आधी कॅप्टन, शीळ घालत. मग गोलकीपर, दोन-दोन पायऱ्या गाळत. मग बाकीचे, एकमेकांना ढकलत. कोचनी घड्याळाकडे बघितलं. ती वरच बघत होती.

सगळ्यांत शेवटी बुलेट आला. डाव्या बाजूचा बचावपटू, पळायला लागला की कोणाच्या हाती न लागणारा, म्हणून बुलेट. खाली कोणी उभं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने कठडा धरला. डावा पाय खाली ठेवला, उजवा त्याच्याशेजारी आणला. थांबला. पुन्हा डावा. फिजिओचा दीड वर्षांचा मुलगा घरी असाच उतरायचा.

कोच दिसले आणि कठड्यावरचा हात झटकन सुटला.

“काय सर, इकडे कुठे?”

“कधीपासून दुखतंय?”

“छे! एकदम फिट आहे. दोन लिहिलंय ना.”

“वर जा,” फिजिओ म्हणाली, “आणि हात न लावता खाली ये.”

बुलेटने वळून जिन्याकडे बघितलं. मग आपल्या बुटांकडे.

“मंगळवारपासून. मांडीत मागून जरा ओढतं. सर, माझं नाव काढू नका.”

“काढून लिहू कोणाचं? डावीकडे तू एकटाच आहेस!”

“तेच तर म्हणतेय मी,” फिजिओ म्हणाली. “आज थांबला तर दहा दिवस. उद्या खेळला तर अर्धा हंगाम. एकाच खुंटीवर किती ओझं टांगणार, सर?”

कोचनी तक्त्यावरच्या ‘दोन’च्या रांगेकडे बघितलं. “संध्याकाळचा सराव रद्द. आणि डावीकडे अजून एक जण घेतोय. आजच व्यवस्थापनाला सांगतो.”

बुलेटचा चेहरा पडला. “माझ्या जागी?”

“तुझ्या जोडीला, गाढवा. तू परत येईपर्यंत तुझी जागा कोण सांभाळणार?”

बुलेटने पुन्हा कठडा धरला. या वेळी दोघांदेखत.

“उद्यापासून सगळे लबाड जिना धावत उतरतील बघा,” कोच पुटपुटले.

“उतरू देत. मी त्यांना बुटांच्या नाड्या बांधताना बघेन.”

जेवणघराच्या दारातून कॅप्टन मागे फिरला होता, त्याच्यामागे बाकीचे खेळाडू. त्याने कोचच्या हातातून तक्ता घेतला, भिंतीला टेकवला. पहिल्या ओळीतला ‘दोन’ खोडून ‘सहा’ लिहिलं आणि पेन मागच्याच्या हातात दिलं.