कोटिंगच्या आधी

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मिस्त्री गॅरेजमध्ये लेकीच्या रेसच्या गाडीचं इंजिन जोडत होते. नवे चार पिस्टन टेबलावर तसेच राहिले. महिना उलटला तरी त्यांनी त्यांना हात लावला नाही, आणि आता रेस तीन दिवसांवर आली.

"बाबा, टर्बोचं प्रेशर एवढं वाढवलंय. पिस्टनवर उष्णता रोखणारं कोटिंग नसेल तर वितळेल ना तो!" लेक म्हणाली.

"ट्यूनिंग नीट असलं की कोटिंग लागत नाही. फॅड आहे नुसतं."

"अख्ख्या दुनियेच्या पिस्टनला कोटिंग करता, आणि माझ्याच वेळी फॅड? गाडीत मी बसणार आहे, बाबा. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते तरी सांगा!"

लेक पाय आपटत घरी गेली, तसं मिस्त्रींनी शटर ओढलं आणि एकेक पिस्टन वाळूच्या फवाऱ्याखाली धरला. कोटिंग धरायचं तर पिस्टनचा माथा आधी घासून कोरा करावाच लागतो. तीन झाले. तिन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

 

त्या तिन्हींसारखंच चौथ्याच्या माथ्यावरही बायकोने दवाखान्यात जायच्या सकाळी मार्करने माप लिहिलंय आणि त्याखाली, 'आधी जेवून घ्या'. तेवढा एक घासायचा राहिलाय.