दुसरा थेंब

मोठ्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी किल्लीवाल्याच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं. पहिल्यांदा बाळंतपणासाठी, मग किल्लीवाल्यालाच कावीळ झाली म्हणून. तिसरी तारीख मिळाली तेव्हा तिचा दादा अंथरुणावरून फोनवर हसत म्हणाला होता, "आता मी मेलो तरी तारीख बदलायची नाही. दर वेळी तुझ्या डोळ्याच्या आड कुणीतरी येतंच."

ती कपड्यांना रफू करायची. उजव्या डोळ्याने आता धागा आणि कापड वेगळं दिसेना. कोटाच्या बाहीवर तिने उलटा टाका घातला, तेव्हा गिऱ्हाइकाआधी तिलाच लाज वाटली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किल्लीवाला दुकानातून घरी आला, तेव्हा ती फोन ठेवून खिडकीशी बसली होती. दादाकडचा फोन होता, म्हणाली. कसा आहे, त्याने विचारलं.

"आता त्रास नाही त्याला," ती म्हणाली आणि उद्याची पिशवी भरायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. नर्सने आधी दमा आहे का, कुठल्या वेदनाशामक गोळीने अंगावर उठतं का, हे विचारून घेतलं होतं. किल्लीवाला बाकावर बसला होता. तिला बाहेर आणून पलंगावर निजवलं आणि त्याचा फोन वाजला. दादाचा मुलगा होता.

"काका, बाबा गेले. सगळं उरकलंय, तुम्ही धावपळ करू नका. आत्याचा डोळा सांभाळा."

किल्लीवाल्याने 'कधी' एवढंही न विचारता फोन खिशात टाकला. डॉक्टरीणबाई नुकत्याच सांगून गेल्या होत्या, की डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही. बाईला रडवणं म्हणजे ताणच, असा हिशेब त्याने स्वतःच केला. डोळा बरा झाला की सांगू.

थेंब घालायचं काम त्याने अंगावर घेतलं. सूज आणि दाह कमी करणारे ते थेंब थोडे झोंबतील, हे त्याला सांगितलं होतं. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा. हे सगळं त्याने नीट लक्षात ठेवलं. हात स्थिर होता. आयुष्यभर कुलपांत तेल सोडलं होतं.

पहिल्याच दिवशी, तिने विचारायच्या आत, दादाचा घसा बसलाय म्हणून तो बोलत नाही, अशी थाप त्याने मारली. ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढे तिने दादाचं नावही काढलं नाही. रचून ठेवलेल्या बाकीच्या थापा तशाच राहिल्या, आणि ते त्याला जास्त लागलं. आपल्या शब्दावर हिचा किती भरवसा.

थेंब मात्र डोळ्यात ठरत नव्हता. एका डोळ्यात घातला की दोन्ही डोळे वाहायला लागायचे.

"झोंबतंय का गं?"

"झोंबतंय."

कुलपातून तेल ओघळलं तर किल्लीवाला दुसरा थेंब सोडतो. त्याने इथेही तेच केलं. दर वेळी डोळा पुसायचा आणि दुसरा थेंब घालायचा. ती मान वर करून बसायची. एकदा म्हणाली, "तुम्ही कुलूप उघडताय की डोळा?" तो हसला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

बाटली वेळेआधी संपली. औषधाच्या दुकानदाराने नवी द्यायच्या ऐवजी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आधी डॉक्टरांना दाखवा म्हणाला. तोवर डोळा लाल झाला होता, उजेड सोसत नव्हता. सुईत दोरा ओवायला बसली तर सुईच धूसर.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग त्याला विचारलं, आणि त्याने दुसऱ्या थेंबाचं सगळं सांगून टाकलं.

"अहो, हे कुलूप नाही," त्या म्हणाल्या. हे थेंब जास्त पडले की बुबुळावरचा पारदर्शक पडदा भरून येत नाही, कधी कधी पातळ होतो, आणि मग डोळा वाचवणं अवघड जातं. इथे वरचा थर खरवडल्यासारखा झाला होता. अजून हाताबाहेर गेलं नव्हतं, पण आणखी चार दिवस असंच चाललं असतं तर त्यांनी भरवसा दिला नसता. ते थेंब त्यांनी तिथेच बंद केले. नुसता ओलावा देणारी साधी बाटली दिली आणि पहिला थेंब स्वतः घातला. तिने पापणीही हलवली नाही. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावलं.

घरी येताना किल्लीवाला पुन्हा हिशेब करत होता. थाप मारली ती डोळा वाचावा म्हणून, आणि डोळा घालवत होतो आपणच.

संध्याकाळी त्याने हात धुतले. ती खुर्चीत मान मागे टाकून बसली. त्याने एकच थेंब घातला, कोपरा दाबून धरला. दोन्ही डोळे भरले आणि पाणी कानांपर्यंत ओघळलं.

"हे तर झोंबत नाहीत म्हणाल्या त्या."

ती म्हणाली, "आधीचेही फार झोंबत नव्हते."

त्याने बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसेना.

"अगं, मी तुझ्याशी खोटं बोललोय. दादा…"

"ठाऊक आहे. तुम्हाला ऑपरेशन झाल्यावरच फोन कर, असं त्याच्या पोराला मीच सांगितलं होतं."

तिचा दादा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास वारला होता.